चौघांच्या कमांडर टेबलावर क्रेन्को आधी का मरतो

खानापूरच्या एका कॉलेजच्या पोरानं 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळातल्या आपल्या डेकची (पानांच्या गठ्ठ्याची) यादी पाठवून विचारलंय: "दादा, माझा क्रेन्कोचा गॉब्लिन डेक आहे. मित्राबरोबर दोघांत खेळलो की बहुतेक वेळा जिंकतो. पण रविवारी बेळगावात टिळकवाडीत चौघांच्या कमांडर टेबलावर बसलो की मीच पहिला बाहेर. डेक कमी पडतोय का? कमांडर बदलू का?"

(कमांडर म्हणजे डेकचं मुख्य पान. इथं तो क्रेन्को, गॉब्लिनांची फौज वाढवणारा. ज्या प्रकारात असं पान असतं त्यालाही कमांडरच म्हणतात.) डेक कमी पडत नाही. तो दोघांच्या डावासाठी बांधलाय, आणि चौघांच्या टेबलावर तो सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो. तिघांना मिळून कुणाला तरी अडवायचं असतं, तेव्हा ज्याची ताकद टेबलावर उघडी मांडलेली दिसते त्याच्यावर तिघं जातात. चौथ्या टर्नला क्रेन्को, पाचव्याला दोन गॉब्लिन, सहाव्याला चार, सातव्याला आठ. हे गणित टेबलावरच्या प्रत्येकाला येतं. त्यामुळं मी जे सांगणार आहे त्याचा गाभा एवढाच: तुझी ताकद टेबलावर कमी आणि हातात जास्त राहील असा डेक बांध, मोडला तरी पुन्हा उभा राहील असा बांध, आणि दिसायचं असेल तेव्हा त्याच टर्नला डाव संपव.

आधी आकडे. रिचर्ड गारफिल्डनं १९९३ साली मॅजिक आणलं तेव्हा ते मुळात दोघांचं होतं, समोरच्याला २० लाइफ, ती शून्यावर आली की तो बाहेर. कमांडर खेळाडूंनीच टेबलासाठी घडवलेला प्रकार. त्याचं जुनं नाव एल्डर ड्रॅगन हायलँडर, आणि २०११ पासून कंपनी त्यासाठी तयार डेक काढते. इथं प्रत्येकाला ४० लाइफ, म्हणजे तुझ्यासमोर १२०. लाइटनिंग बोल्ट या पानानं ३ डॅमेज होतं, म्हणजे ३ लाइफ जातात. २० पैकी ३ आणि १२० पैकी ३ यांत किती अंतर पडलं बघ. तुझ्या यादीत अशी थेट डॅमेजची सात पानं आहेत. दोघांत ती तुला जिंकून देतात, चौघांत त्यांनी फक्त एक माणूस रागावतो.

दुसरं गणित याहून महत्त्वाचं. तू एक पान खर्चून समोरच्याचं एक पान मारलंस. दोघांत हिशेब फिटला. चौघांत तू एक पानानं खाली, तो एक पानानं खाली, आणि उरलेल्या दोघांचं काहीच गेलं नाही. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, आणि इथं चौथ्याचाही. म्हणून एकास एक मारणारी पानं चौघांच्या डेकात कमी ठेवायची, आणि ती फक्त दोन कारणांसाठी वापरायची: समोरचा याच फेरीत डाव संपवणार असेल तर, किंवा तू संपवणार असशील आणि ती गोष्ट आडवी येत असेल तर. "मोठा ड्रॅगन दिसला म्हणून मारला" हे कारण नव्हे. त्या ड्रॅगनचं तोंड दुसरीकडं असेल तर तो तुझंच काम करतोय.

आता क्रेन्को स्वतः. किंमत चार माना (पान उतरवायला लागणारी शक्ती, ती मुख्यतः लँड नावाच्या पानांतून मिळते), ३/३ (हल्ल्याची ताकद ३, टफनेस म्हणजे सहनशक्ती ३), टॅप केला (आडवा करून वापरला) की तुझ्याकडं जितके गॉब्लिन तितकी १/१ गॉब्लिन टोकनं (पानाऐवजी मांडायच्या खुणा). त्याला हेस्ट नाही, म्हणजे आज उतरवला तर पहिला टॅप तुझ्या पुढच्या टर्नला. मध्ये तिघांच्या तीन टर्न. क्रीचर (लढणारं पान) हटवणारं सोर्ड्स टू प्लाउशेअर्स एका मानाचं पान आहे आणि पांढऱ्या रंगाच्या जवळपास प्रत्येक डेकात असतं. कमांडर मेला की कमांड झोनमधून (त्याच्या राखीव जागेतून) परत आणता येतो, पण दरवेळी दोन माना जास्त: चार, सहा, आठ. दोनदा मेला की तुझे तीन-चार टर्न त्यालाच उतरवण्यात जातात. तुझं प्रत्येक रविवारी हेच होत असणार.

आणखी एक गोष्ट, जी गॉब्लिनवाल्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. ब्लास्फेमस ॲक्ट हे पान नऊ मानाचं आहे, पण टेबलावर जितके क्रीचर तितके माना कमी लागतात. आठ क्रीचर असले की ते एका लाल मानात पडतं आणि प्रत्येक क्रीचरला १३ डॅमेज करतं. ती किंमत कोण खाली आणतं? तूच. तू सोळा गॉब्लिन उभे करून "पुढच्या टर्नला सगळे मारतो" म्हणून थांबलास, तर समोरच्या लाल डेकवाल्याला ते पान एका मानात खेळायची सोय करून ठेवलीस, वर उरलेल्या मानात त्याला स्वतःचं काहीतरी उतरवायलाही मिळालं. फौज मांडून एक फेरी वाट बघणं ही चौघांच्या टेबलावरची सगळ्यात महाग सवय आहे.

मग करायचं काय? क्रेन्को चौथ्या टर्नला उतरवायचा मोह सोड. त्याला शेवटच्या टर्नचं पान समज. पहिल्या काही टर्नमध्ये लँड, माना देणारे 'दगड' (म्हणजे तशी पानं), एक-दोन बारके गॉब्लिन, एवढंच. मॉग वॉर मार्शल घे. दोन मानाचा, येताना एक टोकन देतो, मरताना आणखी एक. पुढच्या अपकीपला (टर्नच्या सुरुवातीला) त्याचा एको (तो ठेवायचा तर पुन्हा द्यायची किंमत) भरला तरी तुझ्याकडं दोन गॉब्लिन, नाही भरला तरी दोनच. गॉब्लिन इन्स्टिगेटरही दोन मानात स्वतः आणि एक टोकन आणतो. या दोन पानांत चार गॉब्लिन झाले, आणि चार १/१ कुणाला धोका वाटत नाहीत.

यासोबत तुझ्या यादीत आधीच असलेली दोन पानं: इम्पॅक्ट ट्रेमर्स आणि पर्फोरोस. पहिलं, तुझ्याकडं क्रीचर आला की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला १ डॅमेज. दुसरं, पर्फोरोस सोडून दुसरा कुठलाही क्रीचर तुझ्याकडं आला की प्रत्येकाला २. "प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला" हे शब्द ज्या पानावर असतील ते चौघांत तिप्पट काम करतं. पान निवडताना मी आधी हेच शोधतो. बोल्टचं डॅमेज वाढत नाही, ट्रेमर्सचं टेबल मोठं झालं की आपोआप वाढतं. आणि दोन्ही पानं क्रीचर मारणाऱ्या बोर्डवाइपमधून (मैदान साफ करणाऱ्या पानातून) वाचतात. ट्रेमर्स एन्चांटमेंट आहे, क्रीचर नव्हे. पर्फोरोस इनडिस्ट्रक्टिबल (नष्ट न होणारा) आहे, आणि लाल डिव्होशन (टेबलावरच्या तुझ्या पानांच्या किमतीतली लाल मानाची चिन्हं) पाचच्या खाली असेल तर तो क्रीचर म्हणून मोजलाच जात नाही. गॉब्लिन साफ झाले तरी यंत्र जागेवर राहतं.

आता थाउजंड-इयर इलिक्झर घाल. तीन मानाचं आर्टिफॅक्ट आहे. त्याच्यामुळं तुझ्या क्रीचरांच्या ॲबिलिटी हेस्ट असल्यासारख्या वापरता येतात, आणि एक माना देऊन इलिक्झर टॅप केलं की एक क्रीचर अनटॅप होतो. टेबलावर चार बारके गॉब्लिन, ट्रेमर्स, पर्फोरोस आणि इलिक्झर आहे असं धर. तुझ्याकडं पाच माना. चार मानात क्रेन्को आला. लगेच टॅप: गॉब्लिन पाच, म्हणून पाच टोकनं, एकूण दहा. उरलेल्या एका मानात इलिक्झरनं क्रेन्को अनटॅप, पुन्हा टॅप: आणखी दहा. या एका टर्नमध्ये क्रेन्को धरून १६ क्रीचर आले. प्रत्येकी ३ डॅमेज, म्हणजे तिघांनाही ४८. कुणी मध्ये लाइफ वाढवलं नसेल तर ४० लाइफवाले तिघं एकदम बाहेर, हल्ला न करता. नुसता पर्फोरोस असेल तर ३२ होतात, आणि नुसतं ट्रेमर्स असेल तर १६. म्हणून ट्रेमर्स एकटं असताना हा टर्न सुरू करू नकोस.

कुणी क्रेन्कोचा टॅप केल्यावर मध्येच त्याला मारलं तर? टोकनं किती ते ॲबिलिटी पूर्ण होताना मोजतात. क्रेन्को गेला तरी उरलेल्या चार गॉब्लिनांचे चार मिळतात. डाव संपत नाही, पण हातही रिकामा राहत नाही.

संरक्षणासाठी तू लाइटनिंग ग्रीव्ज ठेवलेस. पान उत्तम आहे, मात्र त्यानं क्रेन्कोला श्राउड मिळतो, आणि श्राउड असलेल्या क्रीचरला तू स्वतःही टार्गेट करू शकत नाहीस. म्हणजे ग्रीव्ज चढवले की इलिक्झरनं त्याला अनटॅप करता येणार नाही. ग्रीव्ज काढून स्विफ्टफूट बूट्स घाल. त्यात हेक्सप्रूफ असतो, म्हणजे फक्त समोरच्यांना बंदी. एक्विप करायला (क्रीचरवर चढवायला) एक माना जास्त लागतो, तो सोसायचा. डेक बांधताना प्रत्येक पान एकेकटं चांगलं असून भागत नाही, दोन पानं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत ना हे बघायला लागतं.

पुन्हा उभं राहण्यासाठी पानं ओढायला हवीत, आणि लाल रंग तिथं लंगडा आहे. तुझ्यासाठी स्कलक्लॅम्प हेच औषध. एका मानात उतरतं, एका मानात चढतं, क्रीचरला +१/-१ देतं, आणि तो मेला की दोन पानं ओढायला मिळतात. १/१ गॉब्लिनवर चढवलं की त्याची टफनेस शून्य होते आणि तो जागीच मरतो. एक माना, एक टोकन, दोन पानं. शिवाय कुणी बोर्डवाइप टाकायच्या बेतात असेल तर आधीच दोन-तीन गॉब्लिन क्लॅम्पवर घालून हात भरून ठेव. मग वाइप पडला तरी तुझ्या हातात सहा पानं आणि बाकीच्यांच्या हातात दोन, असं चित्र दिसतं.

वाइप तूही ठेव. टोकनच्या डेकात ब्लास्फेमस ॲक्ट विचित्र वाटेल, पण कुणी पुढं निघून गेला तर चौघांचं मैदान समान करायला तुझ्याकडं काहीतरी हवं. वाइप टाकताना एक बघ: तुझ्यानंतर लगेच डावीकडच्याचा टर्न येतो, आणि मोकळ्या मैदानावर पहिला क्रीचर तो मांडतो. म्हणून शक्यतो वाइपनंतर एखादं पान उतरवायला माना शिल्लक असेल तेव्हाच टाकायचा. नाहीतर तू झाडलेल्या अंगणात दुसऱ्याची रांगोळी निघते. याच कारणासाठी बसायच्या जागेकडंही लक्ष दे. कशाही वेळी माना संपवून हात झटकून बसलास, तर त्याचा पहिला फायदा डावीकडच्याला होतो.

लाल रंगात चौघांसाठी बनलेलं आणखी एक पान आहे, डिसरप्ट डेकोरम. चार मानात तुझे सोडून सगळे क्रीचर 'गोड' (goad, डिवचलेले) होतात, म्हणजे तुझ्या पुढच्या टर्नपर्यंत त्यांना हल्ला करावाच लागतो, आणि शक्य असेल तर तुला सोडून दुसऱ्यावर. 'गोड' आणि मोनार्क (मुकुट असलेला खेळाडू) या दोन्ही कल्पना २०१६ च्या 'कॉन्स्पिरसी: टेक द क्राउन' या सेटमधून आल्या. तो सेट अनेकांच्या टेबलासाठीच काढला होता. मोनार्क असलेल्याला त्याच्या टर्नच्या शेवटी एक जादा पान मिळतं, आणि कुणाच्याही क्रीचरनं त्याला कॉम्बॅट डॅमेज केलं की मुकुट त्या क्रीचरच्या मालकाकडं जातो. तुझ्याकडं मोनार्कची पानं नसली तरी चालेल. दुसऱ्यानं मुकुट आणला की तो घ्यायला तुझ्याकडं गॉब्लिनांची कमी नाही.

आता बोलण्याचा भाग. तो पानांइतकाच डेकचा भाग आहे. आपल्याकडं टेबलावर दोन भाषा असतातच. गोकाकचा भिडू कन्नडमध्ये विचार करतो, निपाणीचा मराठीत, एखादा दोन्हींत. पानांवरचा मजकूर इंग्रजी, तो सगळ्यांनी सारखाच वाचलेला असतो असंही नाही. तू आणि निपाणीकरानं मराठीत पटकन काही ठरवलंत, आणि गोकाकवाल्याला फक्त तुमची डोकी हलताना दिसली, तर तो तुम्हाला जोडी समजून दोघांवर उठणार. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. म्हणून सौदा मोठ्यानं करायचा, आणि चौघांनाही कळेल त्या भाषेत. नवं पान उतरवलं की ते काय करतं हे सांगायचं, विचारायची वाट बघायची नाही. ज्याचा डेक सगळ्यांना कळतो त्याच्यावर लोक विनाकारण घाबरून हल्ला करत नाहीत.

सौदा छोटा आणि मोजता येईल असा हवा. "आपण दोघं एकमेकांना काही करायचं नाही" हा सौदा नव्हे, त्यातून शेवटी भांडण निघतं. "माझ्या पुढच्या टर्नपर्यंत माझ्यावर हल्ला करू नकोस, मी या केऑस वॉर्पनं तुझ्या एन्चांटमेंटला हात लावत नाही" हा सौदा. मुदत संपली की दोघं मोकळे. आणि दिलेला शब्द पाळायचा, कारण तीच चौघं पुढच्या रविवारी समोर असतात. एक डाव जिंकायला शब्द मोडलास तर पुढचे कित्येक डाव तुझ्याशी कुणी सौदा करणार नाही.

धोका कुणाचा हे ठरवताना टेबलापेक्षा हात आणि मोकळे माना बघ. आठ पानं हातात, चार निळी लँड अनटॅप आणि समोर रिस्टिक स्टडी, असा माणूस शांत बसलेला असला तरी खरा पुढं तोच आहे. रिस्टिक स्टडीमुळं बाकीच्यांच्या प्रत्येक स्पेलमागं एक माना भरा, नाहीतर त्याला एक पान, असं चालतं. तिघं मिळून त्याला पानं पुरवतात. शक्य असेल तेव्हा तो एक माना भर, आणि बाकीच्यांनाही भरायला सांग. त्याच्या हाताकडं बोट दाखवणं हे खरं बोलणं आहे, त्यात लबाडी नाही. सुरुवातीला एकेक गॉब्लिननं कुणाला २-३ डॅमेज देत बसणं मात्र टाळ. ४० पैकी ३ कुणाला जाणवत नाहीत, पण पहिला फटका कुणी दिला ते ध्यानात राहतं.

लँडचं थोडक्यात. तुझ्याकडं ३३ आहेत. चौथ्या टर्नपर्यंत तू ११ पानं बघतोस (चौघांत पहिला खेळणाराही पान ओढतो), म्हणजे ९९ पानांत सरासरी ३.६७ लँड. ३७ केलीस तर ४.११. चार मानाच्या कमांडरसाठी हा फरक फार मोठा आहे. माना देणारी पानं तुझ्याकडं पाच आहेत, ती दहा कर: सोल रिंग, आर्केन सिग्नेट, माइंड स्टोन, फायर डायमंड अशी. दहा असली की दुसऱ्या टर्नपर्यंत त्यातलं निदान एक हातात असण्याची शक्यता साधारण ६३ टक्के. चौघांत पहिला मलिगन (सुरुवातीचा हात बदलून घेणं) फुकट असतो, तोही वापर. दोन लँड आणि पाच महागडी पानं असा हात "बघू" म्हणून ठेवायचा नाही.

डाव सुरू व्हायच्या आधी कुणी कुठल्या ब्रॅकेटचा (ताकदीच्या पायरीचा) डेक आणलाय ते बोलून घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये खेळ काढणाऱ्या विझर्ड्स कंपनीनं पाच ब्रॅकेटची पद्धत बीटा म्हणून आणली. गेम चेंजर नावाच्या जबरदस्त पानांची एक यादी आहे, तिसऱ्या ब्रॅकेटात त्यातली तीनपर्यंत चालतात. रिस्टिक स्टडी त्यात आहे, सायक्लॉनिक रिफ्टही. तुझा डेक वर सांगितल्यासारखा बदलला की एका टर्नमध्ये तिघांना संपवू शकतो, हेही आधीच सांग. लपवून जिंकलेला एक डाव टेबल मोडतो.

पानं पुण्याहून किंवा बेंगळुरूहून मागवायची तर महागडी सोडून दे. मी सांगितलेली बहुतेक पानं त्यामानानं स्वस्तातली आहेत. एखाद्या महागड्या पानाऐवजी घरच्या टेबलावर चौघांच्या संमतीनं प्रॉक्सी (पानाची नक्कल) लावली तरी हरकत नाही. फॉइल (चकचकीत) पानं घेऊ नकोस. खानापूरच्या पावसात ओल धरून ती वाकतात, आणि वाकलेलं पान गठ्ठ्यात पाठीमागूनही ओळखू येतं.

बदल असे कर. सात थेट डॅमेजची पानं काढ. त्यांच्या जागी चार माउंटन, स्कलक्लॅम्प, इलिक्झर आणि डिसरप्ट डेकोरम. ग्रीव्जच्या जागी बूट्स. नुसते अंगानं मोठे, बाकी काही न करणारे पाच गॉब्लिन काढून माना देणारी पाच पानं.

कमांडर बदलायचा का? पैसे न घालता एक प्रयोग करता येतो. पर्फोरोस लेजेंडरी क्रीचर आहे आणि रंग तोच, त्यामुळं त्याला कमांडर करून क्रेन्को उरलेल्या ९९ पानांत ठेवता येतो. मग टेबलावर बसल्या बसल्या कुणाला क्रेन्को दिसत नाही, आणि तुझं जे पान डावात सगळ्यात उशिरापर्यंत टिकतं ते कमांड झोनमधून हमखास मिळतं. क्रेन्को शोधायला गॉब्लिन मेट्रन आहे, तीन मानात ती कुठलाही गॉब्लिन लायब्ररीतून (ओढायच्या गठ्ठ्यातून) हातात आणते. तोटा एवढाच की क्रेन्को दर डावात मिळेलच असं नाही. पर्फोरोसलाही जाणकार घाबरतात, पण त्याला हटवायला सहसा एक्झाइल (डावाबाहेर काढणं) किंवा बाउन्स (हातात परत पाठवणं) लागतो, आणि ती पानं लोक जपून वापरतात. तुझ्या टेबलावर पांढरे आणि काळे डेक जास्त असतील तर मी पर्फोरोसच पुढं ठेवीन. निळे जास्त असतील तर क्रेन्कोच कमांडर राहू दे, कारण त्याला काउंटर केलं (उतरवतानाच रद्द केलं) तरी तो कमांड झोनमध्ये परत येतो, आणि ९९ मधला क्रेन्को काउंटर झाला की ग्रेव्हयार्डात (बाद पानांच्या ढिगात) जाऊन पडतो.